उजेड बघून रंगवलेला चेहरा

२५ जानेवारी २०२४ च्या रात्री पॅरिसमध्ये सीन नदीवरच्या अलेक्झांडर तिसरा पुलाखाली मेझाँ मार्जिएला या फॅशन हाउसचा शो झाला. कपडे जॉन गॅलियानो यांचे होते, पण दुसऱ्या दिवसापासून जगभरचे मेकअप आर्टिस्ट वेगळ्याच प्रश्नाला भिडले होते. मॉडेलांच्या चेहऱ्यांवर नेमकं लावलंय तरी काय? कांती चिनी मातीच्या बाहुलीसारखी, वर झिलई दिलेली, एक छिद्र दिसेल तर शपथ. तर्कांना ऊत आला. काही दिवसांनी ज्यांनी ते चेहरे केले होते त्या पॅट मॅकग्रा यांनी ऑनलाइन येऊन सगळी कृती करून दाखवली. वाळल्यावर सोलून काढायचे साधे फेसमास्क त्यांनी डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ केले होते, पूर्ण झालेल्या मेकअपवर एअरब्रशने त्यांचे थर फवारले होते आणि थर हेअर ड्रायरने वाळवत नेले होते. पुढच्या वर्षी त्यांच्या कंपनीने याच धर्तीचा तयार मास्क बाजारात आणला.

या गोष्टीतला महत्त्वाचा भाग कृतीच्या मागे आहे. गॅलियानो यांच्यासमोर ब्रासाई या छायाचित्रकाराने टिपलेलं रात्रीचं पॅरिस होतं: धुकं, ओले रस्ते, दिव्याचे पिवळे ठिपके. शोची प्रकाशयोजनाही तशीच अंधुक ठेवली होती. त्या मंद उजेडात चेहऱ्यावरची झिलई दिवा पकडत होती. हाच चेहरा दुपारी बारा वाजता उघड्यावर आणला असता तर घामाने डबडबलेला दिसला असता.

नाशिकमध्ये कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या पार्लरांत लग्नसराईआधी मुली मोबाइलमध्ये असले फोटो घेऊन येतात आणि ‘अगदी असाच लूक हवा’ म्हणतात. यात गैर काही नाही. रॅम्पवरची कल्पना उचलावी, ती त्यासाठीच असते. फक्त फोटोत चेहऱ्याबरोबर त्यावर पडलेला उजेडही असतो, आणि तो उजेड वाचल्याशिवाय लूक हाती लागत नाही. रंगवणारा आणि फोटो काढणारा यांनी पहिला ब्रश उचलण्याआधी एकमेकांशी बोलायला हवं, ते एवढ्याचसाठी.

रॅम्पचं काम कसं चालतं ते आधी पाहू. शोच्या एक-दोन दिवस आधी मुख्य मेकअप आर्टिस्ट आणि मुख्य हेअर स्टायलिस्ट डिझायनरसमोर एका मॉडेलवर लूक पक्का करतात. त्याचा नकाशा कागदावरच्या चेहऱ्यावर रंगवून ठेवतात. त्याला फेस चार्ट म्हणतात. प्रत्यक्ष शोच्या दिवशी मोठी टीम तो नकाशा समोर ठेवून सगळ्या मॉडेलांवर उतरवते. वेळ कमी, गर्दी फार, आणि मॉडेल रॅम्पवर असते जेमतेम मिनिटभर. प्रेक्षक लांब बसलेले, फोटोग्राफर रॅम्पच्या टोकाला एकावर एक रचल्यासारखे उभे, हातात लांब पल्ल्याच्या लेन्स. अशा ठिकाणी बारीक नक्षीकाम वाया जातं. म्हणून रॅम्पच्या लूकमध्ये कल्पना एकच असते आणि ती ठसठशीत असते: फक्त डोळ्यांवरची एक निळी पट्टी, फक्त चापून बसवलेले ओले केस, किंवा फक्त गडद ओठ. बाकी चेहरा मुद्दाम गप्प ठेवलेला असतो. नक्कल करताना लोक नेमका हा गप्पपणा विसरतात.

चेहरा रंगवणं आणि चेहरा टिपणं हे एकच काम आहे, हे नाशिककरांना खरं तर कोणी पॅरिसहून सांगायची गरज नाही. चित्रपटकार धुंडिराज गोविंद फाळके त्र्यंबकेश्वरचे. जन्म ३० एप्रिल १८७० चा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. चित्रकला, छायाचित्रण, साचेकाम असं सगळं हाताखालून गेलेलं. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, तेव्हा त्यातली तारामती होती अण्णा साळुंके. ते मूळचे ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात स्वयंपाकी. बायकांनी पडद्यावर यायचं नाही असा तो काळ, त्यामुळे मिशा काढायला राजी होणारे पुरुष शोधायचे आणि त्यांच्यातून राण्या घडवायच्या, हे काम दिग्दर्शकाच्याच गळ्यात. फाळके लिहीत, दिग्दर्शन करत, रंगभूषाही बघत. कॅमेऱ्यामागे त्यांनीच शिकवून तयार केलेले त्यांचे जुने स्नेही त्र्यंबक तेलंग असत.

आणि उजेडाची बाजू फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सांभाळत. दादरच्या बंगल्यात सगळं चित्रण सूर्यप्रकाशावर चालायचं. त्यात पात्रांच्या चेहऱ्यावरची सावली उजळावी म्हणून त्या भर उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. फिल्म धुण्याची रसायनं कालवणं, फिल्मला कडेची भोकं पाडणं हेही त्यांच्याकडे असे. आज स्टुडिओत ‘रिफ्लेक्टर धर’ असं सहायकाला सांगितलं जातं, त्या कामाची या देशातली पहिली ठळक नोंद एका मराठी गृहिणीच्या नावावर आहे. ती अजून पुरेशी सांगितली जात नाही.

१९१३ मध्येच फाळके बिऱ्हाड आणि कंपनी घेऊन नाशिकला आले. ‘मोहिनी भस्मासुर’ इथे चित्रित झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढे गोखले) यांनी कामं केली आणि भारतीय पडद्यावर बाईचा चेहरा प्रथमच बाईचा असा आला. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये मात्र अण्णा साळुंके परत आले, तेही राम आणि सीता अशा दोन्ही भूमिकांत. एकच चेहरा, दोन रंगभूषा, आणि दोन्ही त्याच कॅमेऱ्यासमोर.

त्या काळच्या फिल्मचा एक विक्षिप्त गुण होता. ती निळ्या-हिरव्या उजेडाला दाद द्यायची आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल ओठ पडद्यावर काळे ठिक्कर यायचे, तांबूस गाल मळकट दिसायचे, निळं आभाळ पांढरं फटक पडायचं. सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ ही नाटकवाल्यांची पेटी कॅमेऱ्यासमोर जशीच्या तशी चालत नव्हती, कारण प्रेक्षकाला दिसणारा लाल आणि फिल्मला दिसणारा लाल वेगळा होता. पुढे सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली तेव्हा हॉलिवूडमध्ये मॅक्स फॅक्टर यांनी १९२८ मध्ये तिच्यासाठी वेगळी रंगभूषा तयार केली. टेक्निकलर रंगीत सिनेमा आल्यावर १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या कंपनीने ओल्या स्पंजने लावायचा पॅनकेक काढला. आपल्याकडच्या नाटक-सिनेमाच्या रंगपटांत हा पॅनकेक इतका मुरला, की तो मुळात एका विशिष्ट फिल्मसाठी बनला होता हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

आजच्या डिजिटल कॅमेऱ्याचीही स्वतःची खोड आहे, आणि ती बरोबर उलटी आहे. गडद लाल, राणी, कुंकवाचा रंग यांवर तो चटकन भरून जातो. मग लिपस्टिकमधली ओठाची रेघ किंवा साडीतली वीण दिसत नाही, नुसता लाल डाग उरतो. फोटोग्राफरने एकूण उजेडाबरोबर लाल रंगाचा आलेखही तपासावा आणि एक्स्पोजर थोडं खाली ठेवावं. मेकअप करणाऱ्याने लाल ओठांवर वरून जादा चमक देऊ नये.

उजेड बघून रंगवण्याचं फाळक्यांहून जुनं उदाहरण नाशिक जिल्ह्यात डोंगरावर मिळतं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक आणि पलीकडे जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांवर बोहाडा होतो. देवादिकांची, राक्षसांची, प्राण्यांची सोंगं एकामागून एक रात्रभर नाचत येतात. संबळ वाजत असतो, बाजूने टेंभे धरलेले असतात. मुखवट्यांचे रंग दिवसा पाहिले तर भडक वाटतात. लाल, पिवळा, पांढरा एकमेकांना खेटून, डोळ्यांभोवती जाड काळी रेघ. हलत्या ज्योतीच्या उजेडात, नाचणाऱ्या अंगावर, लांब बसलेल्या माणसाला दिसायचं तर रेघ तेवढीच जाड हवी. पेहरावातली पात्रं ठरलेल्या वाटेने एकेक करून येतात, लोक दोन्ही बाजूंना बसलेले असतात. रॅम्पची सगळी मांडणी इथे आधीपासून आहे.

आता प्रत्यक्ष एक लूक बांधून पाहू. जिल्ह्यातलीच वस्तू घ्यायची तर येवल्याची पैठणी. कल्पना एकच ठरवायची: पदरावरच्या बांगडीमोरातला हिरवा डोळ्यांवर आणायचा. सोनेरी, जांभळा, लाल हे सगळे मोह बाजूला.

सुरुवात त्वचेपासून. मॉइश्चरायझर लावल्यावर तो मुरेपर्यंत थांबावं. घाईत त्यावर बेस चढवला की तो गुठळ्या होऊन सरकतो. बेसची छटा हातावर बघून ठरवू नये. जबड्याची कड, मान आणि गळ्याचा खोलगट भाग या तिन्ही ठिकाणी जी छटा विरून जाते, ती खरी. डोळ्यांखालची काळी वर्तुळं सावळ्या त्वचेवर नुसत्या फिक्या कन्सिलरने झाकली तर राखाडी दिसतात. आधी नारिंगी करेक्टरचा पातळ हात द्यावा लागतो. पावडर फक्त कपाळाचा मध्य, नाक आणि हनुवटीवर. गाल तसेच राहू द्यावेत, कारण तिथली नैसर्गिक चमक फोटोत जिवंतपणा आणते.

डोळ्यांवरचा हिरवा कोरडा फासला तर पावडर गालावर सांडते. म्हणून पापणीवर आधी त्याच रंगाची क्रीम किंवा काजळपेन्सिल बोटाने पसरावी, वर सपाट ब्रशने रंग दाबून बसवावा. घासू नये. डोळे मिटलेले असताना रंग छान दिसतो आणि उघडले की पापणीच्या घडीत गडप होतो, हा नेहमीचा अनुभव. त्यामुळे रंगाची वरची सीमा मॉडेल समोर बघत असताना आखायची. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात जरीच्या सोन्याचा एक ठिपका पुरे. भुवया वर विंचरलेल्या, ओठ विटकरी आणि कोरडे. डोळे बोलते असल्यामुळे चंद्रकोर लहान, काळपट मरून. नथ चापाची असली तर ती लावताना नाकावरचा बेस हमखास निघतो, म्हणून नथ आधी आणि नाकावरचा शेवटचा हात नंतर.

केसांत खोपा आणि रॅम्प यांची गाठ चांगली बसते. मधोमध सरळ भांग, शेपटीच्या कंगव्याने काढलेला, आणि मानेवर घट्ट अंबाडा. जेल केसांच्या मुळाशी ओलं असतानाच लावून चापून बसवायचं. कपाळावरचे बारीक केस जुन्या टूथब्रशवर हेअरस्प्रे मारून मागे वळवायचे. आकडे अंबाड्याच्या आत लपतील असे, आणि जाळी केसांच्याच रंगाची. गजरा सगळ्यात शेवटी. मोगरा दिव्यांच्या उष्णतेने कडेने तपकिरी पडतो आणि कॅमेरा ते लगेच सांगतो. मुघल काळात या शहराला गुलशनाबाद म्हणत, आणि आजही दिंडोरीकडच्या पॉलिहाऊसमध्ये गुलाब होतो. अंबाड्याच्या एका बाजूला एकच मोठा गुलाब खोचला तर तो जास्त वेळ टिकतो आणि रॅम्पच्या शिस्तीतही बसतो.

हे सगळं कुठल्या उजेडात करायचं, हा खरा मुद्दा. पार्लरमधल्या पिवळ्या बल्बखाली गाल फिके वाटतात आणि हात जड होतो. बाहेर दिवसाच्या निळसर उजेडात तेच गाल चपराक बसल्यासारखे लाल दिसतात. दुपारच्या उन्हाचं रंगतापमान साधारण ५५०० केल्विन मानतात, पिवळ्या बल्बचं ३००० च्या आसपास. शूट ज्या दिव्यात होणार त्याच जातीचा दिवा मेकअपच्या खुर्चीसमोर हवा. प्रत्येक टप्प्यानंतर मॉडेलला शूटच्या जागी उभं करून एक चाचणी फोटो काढायचा. बेस झाला, एक फोटो. डोळे झाले, एक फोटो. यात वेळ जातो, पण चूक त्याच वेळी कळते आणि सुधारताही येते.

फ्लॅश वापरायचा असेल तर आणखी एक दक्षता. सनस्क्रीनमधले झिंक ऑक्साइड आणि टायटेनियम डायऑक्साइड, तसंच बारीक सिलिका पावडर, समोरून आलेला फ्लॅश सरळ परत फेकतात. आरशात सुंदर दिसलेला चेहरा फोटोत पिठात बुडवल्यासारखा येतो. लग्नाच्या अल्बममधले पांढरे चेहरे आणि सावळे गळे पुष्कळदा यातून आलेले असतात.

स्टुडिओ नसेल तर नाशिकचं आभाळ मदत करतं. पावसाळ्यातलं ढगाळ आकाश म्हणजे एक अवाढव्य सॉफ्टबॉक्स. सावल्या मऊ पडतात आणि चापून बसवलेल्या केसांवर लांबट, सलग चमक येते. मार्च-एप्रिलमध्ये सूर्योदयानंतरचा पहिला तास गाठावा, नाहीतर वरून पडणारा उन्हाचा झोत डोळ्यांच्या खोबणीत काळोख करतो आणि हिरव्या रंगावर घेतलेली मेहनत त्यात बुडते. तेव्हा छातीच्या उंचीवर पांढरा थर्माकोल धरायचा, सरस्वतीबाईंच्या चादरीचंच काम. पार्श्वभूमीला सिन्नरच्या गोंदेश्वरचा काळा दगड अप्रतिम आहे: तो उजेड शोषून घेतो, त्यामुळे चेहरा आणि जर दोन्ही आपोआप उठतात. मात्र हे संरक्षित स्मारक आहे. ट्रायपॉड आणि दिवे घेऊन जायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी लागते. आणि सिंहस्थाच्या काळात गोदाघाटावर शूट ठरवण्याचा विचारही करू नये.

पैठणीची एक गंमत फोटोग्राफरने हाताशी ठेवावी. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेल्या धूपछाँव साडीचा रंग बघण्याच्या कोनावर बदलतो. कॅमेरा हलवण्यापेक्षा मॉडेलला दोन-चार अंश वळवत न्यावं. एका क्षणी निऱ्यांतला हिरवा पापणीवरच्या हिरव्याला जुळतो. तिथे थांबायचं. नथीच्या आणि ठुशीच्या सोन्यासाठी कॅमेऱ्याच्या बाजूला काळा कागद धरावा, कारण सोनं समोर जे असेल ते दाखवतं. सगळीकडून पांढरा उजेड दिला की ते पितळ दिसतं, आणि काळी कड मिळाली की दागिन्याला गोलाई येते.

लेन्स ८५ ते १०५ मिलिमीटरची असली तर चेहऱ्याची ठेवण नीट येते. मोबाइलचा मुख्य कॅमेरा रुंद कोनाचा असतो, आणि तोंडाजवळ नेला की नाक फुगतं व कान मागे पळतात. दोन पावलं मागे जाऊन दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स वापरली की हा दोष जातो. फोकस जवळच्या डोळ्यावर. ब्यूटी फिल्टर बंद, कारण तो मेकअप आर्टिस्टने तासभर खपून केलेलं काम पुसून स्वतःचं छापील काम वर चढवतो.

शेवटी रंगाचा प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य मध्यम करड्याकडे ओढतो, म्हणून सावळा चेहरा चौकट भरून असला की यंत्र आपणहून उजेड वाढवतं आणि माणूस होता त्याहून गोरा निघतो. याचं मूळ बरंच मागे जातं. रंगीत फिल्मच्या जमान्यात प्रयोगशाळांमध्ये रंग जुळवायला जी नमुन्याची कार्डं वापरत, त्यांवर कितीतरी वर्षं फक्त गोऱ्या बायकांचे चेहरे होते. फोटोग्राफरने अशा वेळी एक्स्पोजर हाताने ठरवावं आणि चेहऱ्याशेजारी करडं कार्ड धरून पहिला फोटो घ्यावा. आणि सावळा रंग लपवायची गरजही नाही. मॉडेल मधु सप्रे १९९२ मध्ये मिस युनिव्हर्स स्पर्धेत तिसऱ्या स्थानी आल्या. १९९६ मध्ये फेमिना लूक ऑफ द इयर ठरलेल्या उज्ज्वला राऊत पुढे इव्ह सँ लोराँसारख्या हाउसच्या रॅम्पवर चालल्या. दोघी मराठी, दोघी सावळ्या, आणि जगाने त्यांना त्याच रंगात पाहिलं. नाशिकच्याच सायली भगत यांनी २००४ मध्ये मिस वर्ल्ड स्पर्धेत देशाचं प्रतिनिधित्व केलं. तरीही वधूच्या मेकअपमध्ये ‘दोन शेड उजळ’ ही मागणी अजून सर्रास होते, आणि ती ऐकून बेस बदलणारा कलाकार आपल्या हातातल्या कौशल्याला कमी लेखतो.

एडिटिंगमध्येही तोच नियम धरावा. उद्या बरी होणारी पुटकुळी काढायला हरकत नाही. तीळ, त्वचेची छिद्रं, कपाळावरची पुसट रेघ राहू द्यावी. पॅट मॅकग्रा यांनी पॅरिसमध्ये जे छिद्ररहित चेहरे दाखवले ते प्रत्यक्ष चेहऱ्यावर घडवले होते, संगणकावर नाही, आणि त्यांची जादू त्यातच होती.

फोटो तयार झाला की त्याखाली नावं येतात, आणि लहान शहरांत इथे फार हयगय होते. रंगभूषेला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळायला लागला तो २००६ च्या चित्रपटांपासून. ‘बालगंधर्व’ आणि ‘द डर्टी पिक्चर’ या दोन टोकांच्या सिनेमांसाठी विक्रम गायकवाड यांना २०११ चा पुरस्कार मिळाला तेव्हा बऱ्याच प्रेक्षकांना रंगभूषाकाराचं नाव पहिल्यांदा कळलं. पैठणी लूकच्या फोटोखाली मॉडेल, रंगभूषा, केशभूषा, छायाचित्रण यांच्या बरोबरीने साडी विणणाऱ्याचं नावही यायला हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर फोटोचा पहिला हक्क फोटोग्राफरचा असतो. मात्र मोबदला देऊन कोणी तो काढून घेतला असेल तर हक्क त्या ग्राहकाकडे जातो. सगळे मिळून हौसेने, पैसे न घेता शूट करतात तेव्हा वाद इथेच होतात. फोटो कोण, कुठे आणि किती दिवस वापरणार, पार्लरच्या जाहिरातीत मॉडेलचा चेहरा चालेल का, मूळ फाइल कोणाकडे राहणार, एवढं चौघांनी शूटच्या आदल्या दिवशीच लिहून एकमेकांना पाठवून ठेवावं.